प्रेताला हात कोणी लावायचा?

दुर्वासपूरच्या अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीत, नारणप्पा मेला आणि त्या दिवशी एकाही घरात पान मांडलं गेलं नाही. वस्तीत प्रेत असताना जेवायचं नसतं. पण ते उचलायचं कोणी? नारणप्पा जन्माने माध्व ब्राह्मण. दारू प्यायचा, मांस खायचा, मुसलमान मित्रांना घेऊन देवळाच्या तळ्यातले मासे धरायचा, लग्नाची बायको टाकून चंद्रीबरोबर राहायचा. वाळीत टाकायची भाषा निघाली की म्हणायचा, टाका, मी मुसलमान होतो. त्या धाकाने ते राहून गेलं आणि मेला तेव्हा तो ब्राह्मणच राहिला. ब्राह्मणाचं प्रेत, म्हणून दुसऱ्या जातीने शिवायचं नाही. भ्रष्टाचं प्रेत, म्हणून ब्राह्मणाने शिवायचं नाही. प्रेत घरात सडत राहतं, गावात उंदीर मरून पडायला लागतात, घरांच्या छपरांवर गिधाडं येऊन बसतात. आणि काशीला शिकून आलेले प्राणेशाचार्य एकामागून एक पोथ्या उलगडत राहतात.

यू. आर. अनंतमूर्ती यांची 'संस्कार' ही कन्नड कादंबरी १९६५ साली आली. मराठीत आणि कन्नडमध्ये हा शब्द एकच, आणि त्याचे दोन्ही अर्थ दोन्हीकडे चालतात: अंगात मुरलेलं वळण, आणि मेलेल्याला दिलेला अग्नी. प्राणेशाचार्यांना पोथीत उत्तर सापडत नाही. ते मारुतीला कौल लावतात. मारुती कौल देत नाही. शेवटी चंद्रीच उठते. एक गाडीवान ब्राह्मणाच्या प्रेताला हात लावायला नकार देतो, तेव्हा ती मासे विकणाऱ्या अहमद बारीकडे जाते. नारणप्पाने कधीकाळी त्याला मदत केली होती. तो बैलगाडी घेऊन येतो, लाकडं आणतो आणि रात्री कुणाला न कळू देता नारणप्पाला अग्नी मिळतो. अग्रहाराला याचा पत्ताच नसतो. दहन झालेल्या प्रेताचं काय करायचं, हा प्रश्न घेऊन ते लोक पुढेही गावोगाव हिंडत राहतात.

ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा ती ब्राह्मण्यावरची टीका म्हणून वाचली. पुढे पुन्हा वाचताना नजर अहमद बारीच्या हातांवर थांबली. त्याला पोथी माहीत नाही, त्याच्या धर्मात दहन नाही, तरी तो लाकडं रचतो. त्याच्या मनात त्या वेळी काय चाललं असेल हे लेखकाने सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं. त्याबद्दल पुढे बोलू.

कादंबरीत धर्म कसा आला आहे हे पाहायचं असेल तर मी हल्ली प्रेत शोधतो. देवळातल्या घंटा, अजानची हाक, चर्चमधल्या मेणबत्त्या हे कुणालाही लिहिता येतं. पर्यटन खात्याच्या पत्रकातही ते असतं. वादविवाद लिहिणंही सोपं असतं, दोन पात्रं समोरासमोर बसवायची आणि एकाच्या तोंडी ग्रंथ घालायचा. पण घरात माणूस मरतो तेव्हा वेळ नसतो. उकाडा असतो. ज्याचा धर्म ठरवायचा तो बोलू शकत नाही. त्याला आंघोळ कोण घालणार, तोंड कुठल्या दिशेला करणार, खांदा कोण देणार, मडकं कोण धरणार, जाळायचं की पुरायचं, कुठे, आणि शेजारी येतील का, हे सगळं जिवंत माणसांना काही तासांत ठरवावं लागतं. आयुष्यभर 'आमच्यात असं असतं' म्हणत आलेल्या घराला तेव्हा 'आम्ही' म्हणजे नेमके कोण हे हातांनी सांगावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे की कादंबरीत धार्मिक ओळख खरी होते ती अशा जागी, आणि जी कादंबरी त्या जागेपर्यंत जायला कचरते ती धर्माविषयी कितीही पानं लिहो, त्यातून धर्माचं फक्त नाव कळतं.

चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' १९५८ची. नायजेरियातल्या इग्बो समाजातला ओकोंक्वो हा नावाजलेला पैलवान, कष्टाळू शेतकरी, कडक बाप. मिशनरी येतात, इंग्रजांचं सरकार येतं, आणि गावाची घडी विस्कटत जाते. त्याचा थोरला मुलगा न्वोये ख्रिस्ती होतो. का होतो, हे अचेबे यांनी ज्या हळुवारपणे सांगितलं आहे त्याला तोड नाही. न्वोयेला त्रिमूर्तीसारखं ते पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचं गणित कळत नाही. त्याच्या मनात दोन गोष्टी आधीपासून रुतून बसलेल्या असतात: जुळी मुलं जन्मली की रानात टाकून द्यायची प्रथा, त्या रानातून ऐकू आलेलं रडणं, आणि घरात भावासारखा वाढलेला इकेमेफुना, ज्याला देवाज्ञा म्हणून मारलं गेलं आणि ज्याच्यावर शेवटचा घाव बापाने स्वतः घातला. चर्चमधलं एक गाणं अंधारात बसलेल्या भावांबद्दल बोलतं आणि ते त्या रुतलेल्या जागी जाऊन लागतं. धर्मांतराचं कारण म्हणून हे कुठल्याही अर्जावर लिहिता येणार नाही. आमिष, जबरदस्ती, तत्त्वज्ञान, या तिन्ही रकान्यांत ते बसत नाही.

आणि शेवट. ओकोंक्वो गळफास घेतो. इग्बो रीतीप्रमाणे आत्महत्या म्हणजे धरणीमातेचा अपराध. अशा माणसाला त्याच्या भावकीने शिवायचं नाही, परक्यांनीच खाली उतरवायचं आणि पुरायचं. जिवाभावाचा मित्र ओबिएरिका झाडाखाली उभा राहून गोऱ्या अधिकाऱ्याला सांगतो, तुमच्या माणसांना हे करायला सांगा. ज्याने गावाचा धर्म वाचवण्यासाठी जीव पणाला लावला त्याला त्या धर्मानेच अस्पर्श ठरवलं, आणि ज्या परक्यांशी तो लढला त्यांच्या शिपायांनी त्याला खाली घेतलं. दुर्वासपूर आणि ओकोंक्वोचं गाव उमुओफिया यांच्यामध्ये एक अख्खा समुद्र आहे. तरी दोन्ही ठिकाणी नियमाने घरच्यांचे हात बांधले आहेत आणि बाहेरच्याला हात पुढे करावा लागतो. अचेबे आपल्या पूर्वजांच्या धर्मावर मनापासून प्रेम करतात हे पानोपानी दिसतं. त्या प्रेमापोटी त्यांनी जुळ्यांचं रडणं गाळलं नाही. आपल्याकडे 'आमच्या धर्माची बदनामी' म्हणून आरडाओरडा करणाऱ्यांनी हे पुस्तक एकदा सावकाश वाचावं.

दस्तयेवस्कीच्या 'ब्रदर्स करामाझोव'मध्ये (१८८०) वृद्ध साधू झोसिमा मरतो. मठात आणि गावात सगळ्यांची खात्री की एवढ्या पुण्यवान माणसाचं शरीर कुजणार नाही, काहीतरी चमत्कार होणार. प्रेताला वास सुटतो, आणि तोही लवकर. मत्सर करणाऱ्या साधूंना उकळ्या फुटतात, आणि कोवळ्या अल्योशाची श्रद्धा एका दिवसात हलते. ईश्वर आहे की नाही यावर त्याच्या भावाने, इव्हानने, आधी प्रकरणंच्या प्रकरणं जबरदस्त युक्तिवाद केलेला असतो. त्याने जे झालं नाही ते एका वासाने होतं. श्रद्धा डोक्यात असते हा आपला समज दस्तयेवस्की इथे उलटवतो.

जपानमध्ये शुसाकू एन्दो यांनी १९६६ साली 'सायलेन्स' लिहिली. सतराव्या शतकात ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना गुपचूप आलेला पोर्तुगीज पाद्री रोड्रिग्ज, त्याच्यासमोर छळले जाणारे गरीब जपानी ख्रिस्ती शेतकरी, आणि ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेव, मग त्यांना सोडतो, असं सांगणारे अधिकारी. तो पाय ठेवतो. पुढे त्याला जपानी नाव मिळतं, बायको मिळते, पहाऱ्यातलं आयुष्य मिळतं. कादंबरीचा शेवट सरकारी रोजनिशीच्या कोरड्या भाषेत आहे. तो मेल्यावर बौद्ध मंदिरात त्याचं दहन होतं आणि रीतीप्रमाणे मरणोत्तर बौद्ध नाव दिलं जातं. कागदावर माणूस बौद्ध म्हणून गेला. आत काय होतं ते वाचकाला माहीत आहे, दफ्तराला नाही. एन्दो स्वतः लहानपणी आईच्या इच्छेने बाप्तिस्मा घेतलेले. हा धर्म म्हणजे अंगाला न बसणारा पाश्चात्त्य सूट आहे, असं ते म्हणत. तो उतरवून टाकण्याऐवजी आयुष्यभर ते त्याची शिवण उसवून जपानी अंगाला बेतत राहिले. धर्म बदलणं आणि धर्म टिकवणं या दोन टोकांमध्ये हे बेतण्याचं काम असतं, आणि बहुतेक माणसांचं आयुष्य तिथेच जातं.

आता आपल्या जवळ येऊ. रवींद्रनाथ ठाकुरांची 'गोरा' १९१० साली पुस्तकरूपात आली. गोरा हा कडवा हिंदू. आईवर त्याचा जीव, पण तिच्या खोलीत तो पाणी पीत नाही, कारण तिथे लछमिया नावाची ख्रिस्ती दासी आहे. आई आनंदमयी हे सोसते. कादंबरीच्या शेवटी गोरा मोठं प्रायश्चित्त घ्यायला बसलेला असताना घरून निरोप येतो: वडील कृष्णदयाल अत्यवस्थ आहेत. ते त्याला जे सांगतात ते मृत्यूच्या भीतीपोटी. माझं श्राद्ध तू करू नकोस, तुला अधिकार नाही. तू आमचा मुलगा नाहीस. १८५७च्या धामधुमीत एका आयरिश माणसाची बायको आमच्या घरी आश्रयाला आली, तुला जन्म देऊन गेली. म्हणजे गोराचं आयुष्यभराचं हिंदुत्व एका श्राद्धाच्या अधिकारापाशी येऊन कोसळतं. आणि कोसळल्यावर त्याला मोकळं वाटतं. तो आनंदमयीकडे येतो आणि म्हणतो, लछमियाला सांग, मला पाणी आणून दे.

या कादंबरीवर राष्ट्रवादाच्या अंगाने खूप लिहिलं गेलं आहे. मला त्या पाण्याच्या पेल्याचं मोल जास्त वाटतं. गोराने आधी केलेली भाषणं आणि शेवटची घोषणा एका बाजूला ठेवली तरी कादंबरी उभी राहते. पाण्याचा पेला काढला तर राहत नाही.

कमिला शम्सी यांच्या 'होम फायर'मध्ये (२०१७) हाच प्रश्न थेट राज्यसंस्थेपाशी येतो. लंडनमध्ये वाढलेला परवेझ इस्लामिक स्टेटच्या नादी लागून जातो, पस्तावतो, परत यायला निघतो आणि इस्तंबूलमध्ये मारला जातो. ब्रिटनचा गृहमंत्री, जो स्वतः मुसलमान घरातला आहे, त्याचं प्रेत देशात येऊ देत नाही. जुळी बहीण अनीका कराचीत उघड्यावर बर्फाच्या लाद्यांमध्ये भावाचं शरीर घेऊन बसते. राजाची बंदी मोडून भावाला माती देणारी ग्रीक नाटकातली अँटिगनी या मांडणीमागे आहे हे लेखिका लपवत नाही. काही ठिकाणी मला हे पुस्तक जरा आखीव वाटतं. पण माझ्या मनातून ते जात नाही याला कारण आपण स्वतः पाहिलेली एक गोष्ट आहे. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने आदेश काढला की करोनाने मेलेल्या प्रत्येकाचं, मग धर्म कोणताही असो, दहनच करायचं. काही तासांतच तो बदलावा लागला. त्या काही तासांत या शहरातल्या किती घरांत, आजारी माणूस अजून जिवंत असताना, त्याच्या मातीचा विचार सुरू झाला असेल!

मराठी कादंबरीचा जन्मच धर्माच्या प्रश्नातून झाला, हे आपण विसरल्यासारखे वागतो. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' १८५७ची. बेळगावच्या कासार घरातल्या पदमनजींनी तीन वर्षांपूर्वी, १८५४ साली, ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दुःखं ऐकते, पुढे स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. पुस्तक प्रचारकी आहे, हा आक्षेप खरा आहे. उत्तर आधी ठरलेलं आहे आणि यमुनेला फक्त त्या उत्तरापर्यंत चालायचं आहे. तरीही त्यातल्या विधवा बोलायला लागल्या की पुस्तकाचा सूर बदलतो. नवरा गेला की बाईचे केस, कपाळ, ताट, झोपायची जागा, सगळ्यावर धर्म हक्क सांगतो. मेला तो एक आणि अंत्यविधी होतात दोघांचे, हे त्या बायका आपल्या बोलीत सांगतात. लेखकाच्या नव्या धर्मापेक्षा त्याचा जुना शेजार तिथे जास्त खरा उतरला आहे.

त्यानंतर काय झालं? केशवपन, पुनर्विवाह, सुधारणा यांच्या वाटेने आपली कादंबरी समाजाकडे वळली, मग मध्यमवर्गाच्या मनाकडे, मग खेड्याकडे, मग जातीकडे. जातीबद्दल मराठीत जे लिहिलं गेलं त्याचा मला अभिमान आहे. पण वाटेत एक खोड लागली आणि ती अजून सुटलेली नाही. आपल्या कादंबरीत हिंदू पात्राला घर असतं आणि मुसलमान पात्राला धर्म असतो. हिंदू घरातलं तुळशीवृंदावन हे अंगणाचं वर्णन असतं, देवघर हा घराचा कोपरा असतो, चतुर्थीचा उपास ही आजीची सवय असते. मुसलमान घरात शिरलं की मात्र प्रत्येक वस्तू माहिती होते: हिरवा रंग, दाढी, बुरखा, पाच वेळची नमाज. पहिल्याचा धर्म दिसत नाही कारण तो 'आपली संस्कृती' आहे, आणि दुसऱ्याचा धर्म सोडून बाकी काही दिसत नाही. ख्रिस्ती पात्राची गत तर आणखी वाईट. ते एक तर नर्स असतं नाहीतर दारू गाळत असतं.

याला उतारा म्हणून जी सलोख्याची कादंबरी लिहिली जाते तिच्यावरही माझा तितकाच राग आहे. त्यात एक रहीमचाचा असतो. तो गणपतीच्या मिरवणुकीत पुढे असतो, दंगलीत हिंदू मुलीला वाचवतो, वेळेला रक्त देतो आणि शक्यतो शेवटच्या प्रकरणाच्या आत मरतो. त्याला कधी राग येत नाही. त्याचं भावाशी जमिनीवरून भांडण नाही. त्याला अल्लाबद्दल शंका नाही, आणि शंका नसल्याची काळजीही नाही. लेखकाचा हेतू निर्मळ असतो, मला मान्य आहे. पण माणसाला चुकायचा हक्क न देता चांगुलपणाचं प्रमाणपत्र देणं म्हणजे त्याला घराच्या ओटीवरच बसवून चहा पाजणं आहे. अहमद बारीच्या मनात काय चाललं होतं हे मला का हवं आहे ते यासाठी. दहनाची लाकडं रचताना तो बिचकला का, घरी जाऊन बायकोला सांगितलं का, तिने काय विचारलं?

इजिप्तच्या नगीब महफूझ यांनी कैरोवरच्या कादंबरीत्रयीत (१९५६-५७) एकाच घरात हे किती प्रकारांनी दाखवलं आहे! बाप अहमद अब्दुल जव्वाद पहाटे मनापासून नमाज पढतो आणि रात्री मैफिलीत दारू पितो, आणि त्याला यात विसंगती दिसत नाही. आई अमीना नवऱ्याच्या परवानगीशिवाय हुसेनच्या मशिदीला जाते, वाटेत मोटारीचा धक्का लागून पडते, आणि बरी होताच नवरा तिला माहेरी हाकलतो. धर्मनिष्ठेची शिक्षा धर्मनिष्ठ नवऱ्याकडून. मुलगा कमाल डार्विन वाचून श्रद्धा गमावतो आणि ती गमावल्याचं दुःख कायम बाळगतो. नातवांतला एक मुस्लिम ब्रदरहुडमध्ये जातो, एक कम्युनिस्ट होतो, आणि पोलीस दोघांना पकडून एकाच कोठडीत ठेवतात. अखेरीला अमीना मरणपंथाला लागते, कमाल दुकानातून काळा टाय विकत घेतो आणि त्याच दुकानात त्याचा सावत्र भाऊ येणाऱ्या नातवंडाचे कपडे. हे सगळे मुसलमान. यातला 'मुसलमान' कोणता हे वाचकाने ठरवून दाखवावं.

मराठीत कुणीच असं केलं नाही असं मात्र नाही. हमीद दलवाई यांची 'इंधन' १९६५ साली आली, म्हणजे 'संस्कार' आली त्याच वर्षी. बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला मुसलमान निवेदक, श्रद्धेपासून दूर गेलेला, आणि हळूहळू पेटत जाणारं गाव. त्यात कुणालाच रहीमचाचा होण्याची सवलत नाही, ना हिंदूंना ना मुसलमानांना. दलवाईंनी एक गाव सगळ्या बाजूंनी दाखवलं, त्याचं कारण ते त्या गावचे होते आणि तरी त्यांनी कुणाची वकिली घेतली नाही. पुढे ते चळवळीत गेले, १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, आणि १९७७ साली अवघ्या पंचेचाळिशीच्या आत-बाहेर गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणत्याही धर्माचा विधी न करता त्यांचं दहन झालं. त्या दहनाच्या वेळी नातेवाइकांच्या मनात, मिरजोळी या त्यांच्या गावातल्या भावकीच्या मनात काय काय झालं असेल, ही कादंबरी अजून लिहायची आहे.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ'चा (२०१०) सांगाडाही वडिलांच्या मृत्यूवरच उभा आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला खंडेराव वडील अत्यवस्थ असल्याचं कळल्यावर पाकिस्तानातून मोरगावकडे निघतो, आणि त्या वाटेत त्याला आपलं सगळं घराणं, जाती, पंथ, बायका, भुतंखेतं आठवत जातात. शीर्षकातल्या 'अडगळ' या शब्दावरून जो वाद झाला त्यात पुस्तक न वाचलेल्यांचा आवाज मोठा होता. मला या कादंबरीत पसारा जास्त वाटतो, पण एक गोष्ट तिने निश्चित केली: 'हिंदू' हा शब्द तिने अंगणाच्या वर्णनातून उचलून प्रश्नाच्या जागी ठेवला.

आणि गोव्यात दामोदर मावजो यांनी १९८१ साली कोंकणीत 'कार्मेलीन' लिहिली. कुवेतला घरकामाला गेलेली गोव्याची ख्रिस्ती बाई ही तिची नायिका. लेखक हिंदू, दुकानदाराच्या घरात वाढलेला, आजूबाजूला ख्रिस्ती शेजार. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते असं की कार्मेलीन ख्रिस्ती आहे हे लेखकाला सांगत बसावं लागत नाही. तिच्यावर कर्ज आहे, तिला मुलगी आहे, तिला शरीर आहे, तिच्या हातून पाप घडतं आणि त्या पापाचं ओझं ती आपल्या रीतीने वाहते.

म्हणून 'आमच्या धर्माबद्दल आम्हीच लिहिणार' हा दावा मला मान्य नाही. कुणीही कुणाबद्दलही लिहावं. पण खांदा द्यायला येतो म्हणणाऱ्याने निम्म्या वाटेवरून परत फिरायचं नसतं. त्या घरातलं मर्तिक कसं होतं, कुणाला रडायची मुभा असते आणि कुणाला नसते, तिसऱ्या दिवशी काय शिजतं, जकातीवरून किंवा पिंडाला कावळा शिवण्यावरून कुणाचं कुणाशी बिनसतं, हे ठाऊक नसेल तर आधी जाऊन बसावं. आणि ठाऊक झाल्यावर लिहिताना भ्यायचं नाही.

भीती खोटी नाही. तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांच्या 'माधोरुबागन'वर (२०१०) चार वर्षांनी वादळ उठलं. मूल नसलेलं एक जोडपं, तिरुचेंगोडच्या देवस्थानाची यात्रा, आणि त्या यात्रेच्या रात्रीची एक जुनी चाल. देवस्थानाचा आणि समाजाचा अपमान झाला म्हणून निदर्शनं झाली, लेखकाला बोलावून माफी लिहून घेतली गेली. जानेवारी २०१५मध्ये त्यांनी जाहीर केलं की लेखक पेरुमाळ मुरुगन मेला आहे. जुलै २०१६मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निकाल देताना म्हटलं की या लेखकाला पुन्हा जिवंत होऊ द्या, त्याला जे उत्तम जमतं ते त्याला करू द्या: लिहू द्या. न्यायालयाने प्रेतात प्राण फुंकण्याची भाषा वापरावी इतकी वेळ एका कादंबरीवर आली. 'आदराने लिहा' ही मागणी ऐकायला सोज्वळ वाटते. तिचा व्यवहारातला अर्थ पुष्कळदा 'घरातलं बाहेर सांगू नका' एवढाच असतो, आणि घरात ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या तोंडावरच तो हात दाबला जातो: यमुनेला भेटलेल्या विधवा, रानात टाकलेली जुळी, चंद्री.

मराठी लेखकाकडे ऐवज कमी आहे असं म्हणवत नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव फुले गेले. दत्तक मुलगा यशवंत याच्या अधिकारावरून भावकीने वाद घातला तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवं, म्हणजे विस्तवाचं मडकं, धरून अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. एका बाईने. त्या काळी. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर महाराष्ट्रातल्या हजारो वस्त्यांमध्ये पहिल्यांदाच पिंड न ठेवता, त्रिशरण-पंचशील म्हणून माणसाला निरोप दिला गेला. त्या पहिल्या मर्तिकाला घरातल्या म्हाताऱ्या आजीला काय वाटलं? तिने गुपचूप दह्याभाताची वाटी मागच्या दारी ठेवली का, आणि नातवाने ती पाहिली तर तो काय म्हणाला? आत्मकथनांनी या वस्त्यांचं जगणं उभं केलं. धर्म बदलल्यानंतर दुःख करायची रीत बदलते तेव्हा माणसाचं काय होतं, हे सावकाश, तीनशे पानं थांबून सांगायचं काम कादंबरीचं आहे. आपल्याच ब्राह्मणांत मर्तिकाचे विधी करणाऱ्या किरवंताला इतर ब्राह्मण पंक्तीला घेत नसत. त्याच्यावर प्रेमानंद गज्वी यांनी नाटक लिहिलं, तेव्हा कुठे पुष्कळांना ही शिवाशीव कळली. खेड्याखेड्यांत अजून जातवार स्मशानं आहेत. कबरस्तानाच्या जागेवरून वाद आहेत.

छत्तीसगडमधल्या बस्तर जिल्ह्यातल्या एका गावात ७ जानेवारी २०२५ रोजी एक वृद्ध पाद्री वारले. त्यांच्या घरातली आधीची माणसं त्याच गावात पुरलेली होती. मुलाला त्यांच्याशेजारी वडिलांना पुरायचं होतं. गावाने विरोध केला. प्रेत शवागारात ठेवलं गेलं, मुलगा उच्च न्यायालयात गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळी मतं दिली. एकाचं म्हणणं, कुटुंबाच्या स्वतःच्या शेतात पुरू द्यावं. दुसऱ्याचं, नेमून दिलेल्या दफनभूमीतच. वाद मोठ्या पीठाकडे न पाठवता शेवटी आदेश झाला की वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरावं आणि सरकारने व्यवस्था करावी.

निकालपत्रात कलमं आहेत, पंचायतीचे नियम आहेत, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आहेत. त्या तीन आठवड्यांत अशा घरात चूल कोणत्या दिवशी पेटते, विरोधाची सही करणाऱ्यांपैकी कोण लहानपणी त्याच घरात जेवलेला असतो, रात्री अंधार पडल्यावर मागच्या दाराने कोण येऊन बसतं आणि काही न बोलता उठून जातं, हे त्यात नाही.